मुळशीच्या काठावर: पाणी उतरलं की पक्षी कुठे असतात?

मुळशीचा भाग बऱ्याच जणांनी ऐकला आणि त्यातल्या काहींनी कळवलं की "हे लिहून टाका ना, जायच्या आदल्या रात्री वाचायला बरं पडेल." म्हणून हा लेखी मजकूर. बोलताना येणारे "म्हणजे" आणि "काय होतं ना" जमेल तेवढे काढलेत. काही राहिले असतील, चालवून घ्या.

सुरुवात माझ्या भाच्यापासून करते. वय वर्षं अकरा. गेल्या हिवाळ्यात तो भिगवणला जाऊन आला आणि रोहित, म्हणजे आपले फ्लेमिंगो, शेकड्यांनी पाहून आला. तेव्हापासून त्याच्या लेखी पक्षिनिरीक्षण म्हणजे होडीत बसायचं आणि समोर गुलाबी रांग बघायची. ३ मे २०२५ ला, शनिवारी, मी त्याला मुळशीला घेऊन गेले. चांदणी चौक, पिरंगुट, पौड करत सकाळी साडेसहाला तलावाच्या काठी. समोर नजर पोचणार नाही एवढं पाणी. आणि त्या एवढ्या पाण्यावर तीन पाणकावळे.

"मावशी, पक्षी कुठेत?"

प्रश्न अगदी बरोबर होता. मुळशीला पहिल्यांदा दुर्बीण घेऊन जाणारा प्रत्येक जण हाच प्रश्न विचारतो, आणि बरेच जण तिथेच वैतागून, भजी खाऊन परत येतात. तर आजचा भाग या प्रश्नाच्या उत्तराचा आहे.

आधी हे बघा की भिगवणला एवढे पक्षी का असतात. उजनीचं धरण १९८० साली पूर्ण झालं. भीमेचं खोरं तिथे सपाट आहे, त्यामुळे पाणी पसरलं, फार खोल गेलं नाही. काठाकाठानं कोसभर चाललात तरी गुडघ्याएवढंच पाणी अशा जागा आहेत. आता पक्ष्याच्या बाजूनं विचार करा. रोहित चिखल ढवळून चोचीनं पाणी गाळतो, त्याला पायाखाली तळ लागतो. शेकाट्या लांब लाल काड्यांसारख्या पायांवर उभा राहून किडे टिपतो, त्याला पायाच्या उंचीपेक्षा जास्त पाणी नको. हळदी-कुंकू बदक, म्हणजे ज्याच्या चोचीवर खरंच लाल-पिवळा ठिपका असतो ते, शेपूट वर आणि मान खाली करून तळाचं खातं. त्याची मान जेवढी लांब तेवढंच त्याचं ताट खोल. त्यामुळे पाणी किती आहे यावर पक्षी ठरत नाहीत, उथळ पाणी किती आहे यावर ठरतात.

मुळशीचं उलट आहे. हे सह्याद्रीच्या माथ्यावरचं, डोंगरांमधलं अरुंद खोरं. धरण बांधल्यावर पाणी डोंगराच्या अंगावर चढलं. काठ तीव्र उताराचे, दोन पावलं आत टाकली की खोल. असं पाणी पाणकावळ्याला चालतं, कारण तो बुडी मारतो. नदी सुरयाला चालतं, तो वरून झेप घेतो. कवड्या खंड्याला चालतं, तो हवेत एका जागी फडफडत थांबून सूर मारतो. बाकीच्यांना ते नुसतं दृश्य आहे, जसं आपल्याला.

आणि दुसरी गोष्ट, जी मला वाटतं जास्त महत्त्वाची आहे. मुळशीचं पाणी एका जागी राहत नाही. हे धरण शेतीसाठी बांधलेलं नाही, विजेसाठी बांधलंय. टाटांचं धरण. इथलं पाणी बोगद्यातून पश्चिमेला, घाटाखाली रायगड जिल्ह्यातल्या भिऱ्याला सोडतात आणि जवळजवळ पाचशे मीटरच्या उतारावर त्यातून वीज काढतात. भिऱ्याचं केंद्र १९२७ पासून चालू आहे. म्हणजे गंमत बघा, मुळा नदीचं पाणी खरं तर पुण्याकडे यायचं, मुठेला भेटायचं, मग भीमा, कृष्णा करत बंगालच्या उपसागराला जायचं. त्यातलं बरंचसं इथून उलटं फिरून कुंडलिकेत पडतं आणि रेवदंड्याला अरबी समुद्रात जातं. कोलाडला राफ्टिंग करता ना, ते मुळशीच्याच पाण्यावर. त्या नदीचं पाणी वीजकेंद्र चालू झालं की अचानक वाढतं, हेही जाता जाता लक्षात ठेवा.

तर पावसाळ्याच्या शेवटी तलाव काठोकाठ भरलेला असतो. मग हिवाळाभर, उन्हाळाभर पाणी वापरात जातं आणि पातळी उतरत जाते. मे महिन्यात गेलात तर पाण्याच्या कडेनं सगळीकडे तांबड्या मातीचा उघडा पट्टा दिसतो, बादलीला आतून डाग पडतो तसा. पातळी अशी कित्येक मीटर वरखाली होत असल्यानं काठाला पाणवनस्पती नीट रुजत नाहीत. वेत-लव्हाळं नाही म्हणजे त्यात लपणाऱ्या, घरटी करणाऱ्या पक्ष्यांना आसरा नाही. वारकरी नावाचा काळा, कपाळावर पांढरा टिळा असलेला पाणपक्षी तुम्हाला पाषाणच्या तलावात सहज दिसेल. मुळशीच्या मोठ्या पाण्यावर शोधावा लागेल.

म्हणून मुळशीत पक्षी बघायचे तर मोठ्या पाण्याकडे पाठ करायची. ओढे जिथे तलावात उतरतात ते कोपरे शोधायचे. ओढा वर्षानुवर्षं गाळ आणून टाकतो, त्यामुळे तिथला उतार मंद होतो. पाणी उतरलं की तिथे चिखलाचा पंखा उघडा पडतो, मध्ये ओढ्याची बारीक धार. असा एक कोपरा गाठा, झाडाच्या सावलीत बसा आणि अर्धा तास हलू नका. आम्ही तसं केलं. अर्ध्या तासात भाच्याच्या वहीत चौदा नोंदी झाल्या: दोन वंचक, गायबगळे, राखी बगळा, शेपटी सतत वरखाली हलवणारा धोबी, पाण्याच्या कडेनं चावीच्या खेळण्यासारखा पळून एकदम थांबणारा कंठेरी चिखल्या, दोन शेकाट्ये, नदी सुरय, खंड्या, कवड्या खंड्या. बाकीच्या नोंदी घार, कावळा, साळुंकी अशा होत्या, पण त्या त्यानं इमानेइतबारे लिहिल्या. हिवाळ्यात याच कोपऱ्यांत तुतवार आणि कधी चक्रवाकाची जोडी असते. रोहित नाहीत. ते मी त्याला आधीच सांगायला हवं होतं.

आता जे घडलं ते सांगते, कारण खरं तर त्यासाठीच हा भाग केला.

त्या कोपऱ्यातून निघाल्यावर आम्हाला पुढचा कोपरा गाठायचा होता. ऊन वाढत होतं. रस्त्यावरून फिरून जायचं तर लांब, आणि समोर उघडा पडलेला तळ छान सपाट, कडक वाळलेला. त्यावर आधीच्या गाड्यांच्या चाकांच्या खुणा होत्या. एकाच्या मागे दुसरा गेला की तो रस्ता वाटायला लागतो. मी गाडी खाली घातली. शंभरेक मीटर गेले असेन, तेवढ्यात दोन टिटव्या डोक्यावर आल्या. "टिटिटिवी, टिटिटिवी" करत काचेपर्यंत झेप. भाचा खूश, मी कॅमेरा काढतेय. आणि वरच्या उतारावर म्हशी घेऊन बसलेल्या एक आजी उभ्या राहून ओरडल्या.

"ए पोरी, थांबीव! हाय तितंच थांबीव गाडी!"

मला वाटलं, जमिनीवरून काहीतरी. त्या काठी टेकत खाली आल्या. म्हणाल्या, "ती बोंबलतीया ते कुणासाठी, तुझ्या फोटूसाठी का?" आणि काठीनं दाखवलं. गाडीच्या पुढच्या चाकापासून चार-पाच हातांवर, वाळलेल्या गाळातल्या उथळ खळग्यात, चार अंडी. मातीच्याच रंगाची, वर काळपट ठिपके. भोवती बारीक खडे मांडलेले. मी वाकून बघत होते तरी दोनदा नजर त्यावरून घसरली. गाडीतून दिसायचा प्रश्नच नव्हता.

टिटवी घरटं बांधत नाही, झाडावर जात नाही. मार्चपासून पावसाळ्यापर्यंत उघड्या जमिनीवर अंडी घालते, साधारण चार. उबवायला जवळपास चार आठवडे लागतात. आणि "उबवणं" हा शब्दही मे महिन्यात फसवा आहे, कारण दुपारी त्या मातीला हात लावला तर चटका बसतो. तेव्हा टिटवीचं काम अंडी गरम ठेवण्याचं नसतं, गार ठेवण्याचं असतं. ती अंगाची सावली धरून उभी राहते. पाण्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवून येते आणि ओल्या पोटानं अंड्यांवर बसते. नर-मादी आळीपाळीनं. म्हणूनच ती पाण्याजवळची जागा निवडते.

आता यातून काय निघतं बघा. गाडीचं चाक हा एक धोका झाला, तो सगळ्यांना कळतो. पण समजा चाक गेलं नाही. समजा एखादा फोटोग्राफर, अगदी पक्षिप्रेमी, घरट्यापासून दहा मीटरवर स्टूल टाकून बसला आणि "टिटवी परत येईल तेव्हा फोटो काढू" म्हणून अर्धा तास वाट बघत राहिला. टिटवी येत नाही, कारण तो बसलाय. दुपारचे बारा. अंडी उघड्या तव्यावर. त्या माणसानं कशालाही हात लावला नाही, आणि घरी जाऊन तो फोटोखाली निसर्ग वाचवा असंही लिहील. हे मी दुसऱ्या कुणाला नावं ठेवायला सांगत नाही. मी स्वतः कॅमेरा काढत होते.

तेव्हा खूण लक्षात ठेवा. पक्षी तुमच्यापासून लांब पळत असेल तर ठीक. पक्षी तुमच्या *अंगावर* येत असेल, किंवा पंख मोडल्यासारखं करत तुम्हाला भलतीकडे ओढून नेत असेल, तर तुम्ही त्याच्या घरात उभे आहात. थांबा, पायाखाली बघा, आणि ज्या वाटेनं आलात त्याच पावलांवर मागे फिरा. नवी वाट काढू नका, दुसरं घरटं तिकडे असू शकतं. टेरेनं खडे लावून "इथे घरटं आहे" अशी खूणही करू नका. खूण कावळ्यालाही वाचता येते.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार या शब्दाची जी व्याख्या आहे, तिच्यात रानपक्ष्यांची अंडी किंवा घरटी बिघडवणं, त्यांना उपद्रव देणं हेसुद्धा येतं. म्हणजे कायद्याच्या भाषेत मी त्या सकाळी होंडा घेऊन शिकारीच्या चार हातांवर पोचले होते. हे भाच्याला सांगितल्यावर तो बराच वेळ गप्प होता.

आजींना मी विचारलं, तुम्हाला घरटं माहीत होतं? "रोजची वाट माझी. म्हशीबी सुटून जातात बाजूनं." मग त्यांनी अंड्यांकडे बघून मान हलवली. "यंदा खाली घातल्यात. पाऊस बेताचाच." ही समजूत तुमच्यापैकी अनेकांनी ऐकली असेल. टिटवीनं उंचावर अंडी घातली तर पाऊसपाणी भरपूर, खोलगटात घातली तर ओढ. अंड्यांच्या संख्येवरून पावसाचे महिने मोजणारेही आहेत. यात किती तथ्य आहे ते पुढे येईलच. पण एक सांगते, ज्या समाजात पाऊस टिटवीच्या अंड्यांवरून वाचायची सवय आहे, तिथे अंडी कुठे आहेत हे निदान कुणीतरी बघतं. आमच्याकडे हवामानाचं ॲप आहे, आम्ही खाली बघत नाही.

मग त्यांनी काठी पाण्याकडे केली. "आमच्या आजेसासऱ्याचं गाव तितं. पानी लईच उतारलं की जोती दिसतात." पुढे काही बोलल्या नाहीत. म्हशी वर गेल्या होत्या, त्याही गेल्या.

इथे थोडं थांबायला हवं, कारण मुळशीच्या उघड्या तळाला रिकामी जागा म्हणणं हे मला त्यानंतर जमलेलं नाही. या धरणासाठी पन्नासच्या आसपास गावांची जमीन जायची होती. मावळ्यांनी १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह सुरू केला. तो १९२४ पर्यंत चालला. पांडुरंग महादेव बापट यांना सेनापती ही पदवी लोकांनी दिली ती याच लढ्यात. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्याचा इतिहास लिहिलाय आणि त्यांच्या इंग्रजी पुस्तकाच्या नावातच त्याला जगातली पहिली धरणविरोधी चळवळ म्हटलंय. लढा हरला. भात पिकवणारी खोऱ्यातली सगळ्यात चांगली जमीन पाण्याखाली गेली, लोक वरच्या उतारांवर सरकले. म्हणजे आपण ज्याला बॅकवॉटर व्ह्यू म्हणतो, तिथे दर उन्हाळ्यात शंभर वर्षांपूर्वीची शेतं उघडी पडतात, आणि त्यात टिटवी अंडी घालते. त्यावर गाडी घालण्याआधी, तंबू ठोकण्याआधी, शेकोटी पेटवण्याआधी कुणाला तरी विचारायला हवं, एवढं मला त्या दिवशी कळलं. ही जमीन मोकळी दिसते, पण बिनमालकीची नाही.

बरं, एवढं सगळं असताना तिथे पाटी का नाही? पाणथळ जागांना संरक्षण असतं ना? असतं, पण त्यात एक गोम आहे. इराणमधल्या रामसर गावी २ फेब्रुवारी १९७१ ला जो करार झाला, त्याची पाणथळीची व्याख्या फार उदार आहे: नैसर्गिक असो की मानवनिर्मित, कायमची असो की तात्पुरती, वाहती असो की साचलेली, सगळी पाणथळच. त्याच करारानुसार २०२० मध्ये नांदूर मध्यमेश्वर हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ झालं, आणि तेही मूळचं बंधाऱ्यामागे साचलेलं पाणी आहे. पण आपल्या देशातल्या २०१७ च्या पाणथळ नियमांनी ही व्याख्या आखडली. पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले जलाशय त्यातून वगळले, आणि भातशेतीही वगळली. मुळशीला जंगलासाठी संरक्षण आहे. २०१३ मध्ये ताम्हिणी अभयारण्य जाहीर झालं, साधारण पन्नास चौरस किलोमीटरचं. टिटवीची अंडी मात्र ज्या गाळात होती, तिथे कुठलीच पाटी नव्हती. तिथे आजी होत्या.

भातशेती वगळली हे वाचून मला हसूच आलं, कारण मुळशीची सगळ्यात चांगली पाणथळ तीच आहे. हा भाग आंबेमोहोराचा. जुलैत लावणी झाली की खाचरांत घोट्याएवढं पाणी असतं, चार महिने टिकतं, बेडूक, खेकडे, किडे यांनी भरलेलं. उजनीला जो उथळपणा नदीनं दिला तो इथे शेतकऱ्यानं बांध घालून दिलाय. बांधाच्या कडेला लाजरी पाणकोंबडी पिल्लांना घेऊन फिरते, वंचक पुतळ्यासारखा उभा असतो आणि उडाला की एकदम पांढराशुभ्र होतो. पीक तयार होताना मुनियांचे थवे आणि सुगरणी. त्यासाठी कुठे आत जायची गरज नाही, रस्त्याच्या कडेला उभं राहिलं तरी पुरे. बांधावर पाय देऊ नका. तो बांध कुणीतरी चिखलात वाकून लिंपलेला असतो, तुमच्या बुटानं फुटला तर खाचर रिकामं होतं.

आणि मग चढ. मुळशीची मजा ही आहे की एकाच सकाळी पाणी, भात आणि दाट जंगल असं तिन्ही चालता येतं. ताम्हिणी गावातल्या विंझाईच्या देवळाभोवतीची झाडी यासाठी उत्तम. देवाच्या नावानं कुऱ्हाड लागलेली नाही, त्यामुळे झाडं उंच आणि जुनी. इथे डोळ्यांआधी कान लागतात. पहाटे शीळकरी कस्तूर अशी काही शीळ घालतो की कुणी पोरगं शाळा बुडवून रमतगमत चाललंय असं वाटावं. स्वर्गीय नर्तकाचा नर लांब पांढऱ्या शेपटीसकट फांद्यांमधून जातो ते दृश्य एकदा पाहिलं की माणूस या नादाला लागतो, भाचा लागला. शेकरू फांदीवरून फांदीवर झेप घेते आणि खाली फळांची सालं पडतात. मे-जूनमध्ये पावश्या "पेरते व्हा" करून कान किटवतो. आणि पाऊस सुरू झाला की ओढ्यांच्या कडेला तिबोटी खंड्या येतो, चिमणीपेक्षाही लहान, निळा-केशरी-जांभळा, मातीच्या दरडीत बीळ करून राहणारा. शेजारच्या रायगडानं त्याला जिल्ह्याचा पक्षी केलंय. त्याचं बीळ सापडलं तर जागा कुणालाही सांगू नका, फोटोतही कळू देऊ नका. एका बिळासमोर तीस कॅमेरे लागल्यावर काय होतं ते मघाशी टिटवीच्या निमित्तानं बोललोच.

मोठं चालायचं असेल तर पिंपरीहून अंधारबन मार्गे भिऱ्याला उतरणारी वाट आहे, साधारण तेरा किलोमीटर. सुंदर आहे, पण पावसाळ्यात पक्षी बघण्याची नाही. ताम्हिणीत जुलै २०२४ मध्ये एकाच दिवसात पाचशे मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला होता. पुण्यात वर्षभरात साधारण सातशे-आठशे पडतो, त्यावरून अंदाज करा. ओढे दहा मिनिटांत ओलांडता येईनासे होतात. प्रशासन अशा काळात बंदीचे आदेश काढतं, ते बघूनच निघा, आणि बंदी असेल तर मधल्या वाटेनं जायची हुशारी नको. अंधारबन नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा, अभयारण्याचं शुल्क भरा, गावातला वाटाड्या घ्या. पक्षीही जास्त दिसतील, कारण वाट शोधण्यात तुमची मान खाली नसेल.

दुर्बिणीचे प्रश्न फार आले, म्हणून थोडक्यात: आठ बाय बेचाळीस. जास्त पट मोठं दिसणारी घेतली तर हात हलतो आणि झाडीत पक्षी सापडेपर्यंत तो उडतो. कपडे मातकट रंगाचे. पावसाळ्यानंतर गवतातून आलात की घोट्याला गोचीड तपासा. झुडपाची फांदी धरण्याआधी बघा. ताम्हिणीत हिरवा चापडा पानांत पानासारखाच बसलेला असतो आणि तो विषारी आहे. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला बोलवू नका, विणीच्या काळात तो बिचारा पिल्लं सोडून तुमच्या फोनशी भांडायला येतो. उघड्या तळावर चालायचं तर एक गोष्ट जीवावरची आहे: वरचा पापुद्रा वाळून भेगाळलेला असतो, पण पाण्याजवळ खाली गाळ मऊच असतो. काठीनं टोचत जा. म्हशीची वाट असेल तर तीवरूनच चाला, तिला तुमच्यापेक्षा जास्त कळतं.

आणि गाडी वर, डांबरावर.

आता त्या अंड्यांचं. आम्ही त्या दिवशी गाडी इंचाइंचानं, आपल्याच चाकांच्या खुणांवरून मागे घेतली. भाचा मागे चालत दिशा सांगत होता. टिटवी शेवटपर्यंत शिव्या देत होती. रस्त्यावर पोचून दुर्बिणीतून पाहिलं तर ती चालत, थांबत, इकडेतिकडे बघत परत खळग्यापाशी गेली आणि उभी राहिली. बसली नाही, उभीच. सावली धरून.

अंडी घालून किती दिवस झाले होते ते कळायला मार्ग नव्हता. आणि २०२५ चा मे तुम्हाला आठवत असेल. मोसमी पाऊस २४ मेला केरळात आणि २६ मेला मुंबई-पुण्यात. एवढ्या लवकर येईल असं कुणाला वाटलं नव्हतं, टिटवीलाही नाही. आमच्या भेटीनंतर तेवीस दिवसांनी. अंडी आमच्या आधी आठवडाभर घातलेली असतील तर पिल्लं बाहेर आली असणार, आणि टिटवीची पिल्लं अंड्यातून निघाल्यावर काही तासांतच चालायला लागतात, घरटं सोडतात. त्याच आठवड्यात घातलेली असतील तर अवघड.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही परत गेलो. भाच्याचाच हट्ट. आजी दिसल्या नाहीत. तो सपाट तळ, चाकांच्या खुणा, खळगा, सगळं पाण्याखाली, आणि आम्ही जिथे गाडी वळवली होती तिथे तांबडं पाणी हलत होतं. वरच्या गवताच्या उतारावरून दोन टिटव्या ओरडत उठल्या. त्याच की दुसऱ्या, कसं सांगणार. पिल्लू दिसलं नाही. पण आई ओरडली की पिल्लं गवतात जागच्या जागी चिकटून बसतात, हलत नाहीत, आणि समोर असली तरी दिसत नाहीत. भाच्यानं दुर्बीण खाली ठेवली, म्हणाला, "मावशी, आपण इथून जाऊ या. म्हणजे ती ओरडायची थांबेल."

आम्ही निघालो. वळणापर्यंत तिचा आवाज येत होता. या भागाच्या शेवटी जो आवाज ऐकलात, तो तोच.